सात पाण्यांचा हवालदार

कॅन्टीनमध्ये चहा मागवला की हवालदार पाळदे आधी रिकामा ग्लास मागून घ्यायचे. त्यात पाणी भरायचे, ओतून टाकायचे आणि ग्लास उपडा धरून खिडकीच्या उजेडात बघत बसायचे. काचेवरून पाणी सलग सरकत खाली आलं तर ग्लास पास. मधे कुठे एखादा थेंब अडून राहिला की नापास. "थेंब थांबला म्हणजे तिथं तेलकट हाय," असं म्हणून ते ग्लास परत करायचे. कॅन्टीनवाला वैतागायचा. "हवालदार, चहा प्यायचाय का ऑपरेशन करायचंय?" पाळद्यांवर त्याचा काडीचाही परिणाम होत नसे. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी पंगतीतले अकरा पेले नापास केले होते आणि त्यावरून सासुरवाडी चार महिने त्यांच्याशी बोलत नव्हती, असं ते स्वतःच अभिमानाने सांगायचे.

मी नाशिकच्या ज्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागलो, तिथल्या प्रयोगशाळेत पाळदे परिचर होते. काम काचेची भांडी धुण्याचं, ती निर्जंतुक करण्याचं आणि प्रॅक्टिकलची मांडामांड करण्याचं. त्याआधी वीस वर्षं ते फौजेत होते, तेही लष्करी इस्पितळाच्या लॅबमध्ये. निवृत्त झाल्यावर देवळाली कॅम्पात घर केलं आणि आमच्याकडे नोकरीला लागले. रोज बसने यायचे. द्वारकेच्या चौकात वाहतूक तुंबली की सगळं नाशिक उशिरा पोचायचं, पाळदे मात्र वेळेवर. कसे, ते विचारलं तर म्हणायचे, "एक बस आधीची पकडायची. त्यात काय?"

आमच्याकडे कॉलेजातल्या शिपायांना आणि परिचरांना सगळे 'मामा' म्हणतात. पाळद्यांना ते चालत नसे. "मी कुनाचा मामा नाय. पाळदे म्हणा, नायतर हवालदार म्हणा. ते मी कमावलंय." मग प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना हवालदारच म्हणायला लागले.

त्यांची माझी पहिली भेट भांडणातच झाली. नोकरीचा दुसरा का तिसरा दिवस होता. प्रॅक्टिकलला परीक्षानळ्या कमी पडल्या म्हणून मी धुण्याच्या खोलीत गेलो आणि रॅकमधल्या ओल्या नळ्या उचलायला लागलो. पाळदे सिंकपाशी उभे होते. मागे वळून न बघताच म्हणाले, "ठेवा साहेब. पाचच झालेत."

"काय पाच?"

"पाणी. दोन राहिलेत."

मी म्हटलं, स्वच्छ तर दिसतायत. तेव्हा ते वळले. मी तेव्हा पंचविशीतला, एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेला, आणि ते मिशी पांढरी होऊ लागलेले. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "धुणं म्हणजे दिसतंय ते काढणं नाय साहेब. दिसत नाय ते काढणं. दिसतंय ते कुणीबी काढंल."

पाच पाणी नळाची आणि दोन ऊर्ध्वपातित, हा त्यांचा हिशेब. प्रत्येक पाण्याला मोठ्याने आकडा म्हणायचे, आणि तोही हिंदीत, फौजेतल्या कवायतीच्या सुरात. "एक! दो! तीन!" शेवटी "सात, थम!" म्हणून रॅक खाली ठेवायचे. एकदा पाचव्या पाण्याला प्राचार्यांनी बोलावणं पाठवलं. पाळदे गेले, परत आले आणि दोनशे नळ्या पुन्हा पहिल्या पाण्यापासून धुवायला घेतल्या. मी म्हटलं, अहो, पाच झाले होते ना? म्हणाले, "झाले होते बहुतेक. बहुतेकला फौजेत गिनती नाय म्हणत."

आम्ही त्यांच्यावर हसायचो. पण नवीन पोरांच्या हाती प्रयोग फसला की पोराची चूक कुठे झाली एवढंच शोधावं लागायचं. नळीची चूक असेल अशी शंकाही कुणाला येत नसे. माझी आई नाशिकरोडच्या दवाखान्यात होती तेव्हा पाळदे एका संध्याकाळी बघायला आले. फळं वगैरे काही आणली नव्हती. आईचा पाण्याचा पेला आणि चमचा उचलून मोरीकडे गेले. आतून "एक, दो" ऐकू यायला लागलं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाई घाबरल्या. आई मात्र आजारपणातही हसली. पुढे कितीतरी दिवस ती विचारायची, तो सात पाण्यांचा हवालदार कसा आहे रे?

हे सगळं मी सांगतोय ते पुढचं सांगायचं लांबणीवर पडावं म्हणून. आता सांगतो.

मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. आमचे विभागप्रमुखच माझे मार्गदर्शक होते. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. माझा विषय होता जंतूंची आवरणं. जंतूंच्या एका मोठ्या गटात पेशीच्या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असतं. थंडीत माणूस स्वेटरवर शाल गुंडाळतो तसं. ही शाल तेलकट असते आणि बरीचशी औषधं तिच्यावरूनच निसटतात, आत जातच नाहीत. आत गेली तर जंतू मरतो, पण जाणार कशी? ही शाल सैल करणारं काही सापडलं तर नवं औषध शोधायची गरजच उरणार नाही, जुनीच औषधं या जंतूंवरही चालतील. जगभर माणसं याच्या मागे होती आणि आहेत. मी ते द्राक्षाच्या बियांत शोधत होतो.

नाशिकला द्राक्षाच्या बियांना काय तोटा. निफाडहून पोतं भरून बिया आणायच्या, वाळवायच्या, दळायच्या, अर्क काढायचा. गढूळ जंतूंच्या नळीत थोडा अर्क आणि त्या जंतूंवर एरवी न चालणारं एक जुनं औषध टाकायचं. जंतू जगले तर नळी ताकासारखी पांढुरकी राहते, मेले तर निवळते. माझ्या नळ्या निवळायला लागल्या. पहिल्यांदा निवळली तेव्हा मी घरी पेढे नेले. वीस वेळा निवळल्यावर सर म्हणाले, "अरे, हे खरंच दिसतंय." स्थानिक पेपरात बातमी आली, 'द्राक्षाच्या बीत दडलंय औषध'. माझ्या सासऱ्यांनी ती कापून पाकिटात ठेवली.

एक बारीकशी गोष्ट होती. अर्काचा डाग काचेवरून जात नसे. तपकिरी-जांभळा, हट्टी डाग. पाळदे म्हणाले होते, "या नळ्या टाकून द्या साहेब, कामातून गेल्या." पण माझ्याकडे त्या चोवीसच चांगल्या जाड काचेच्या नळ्या होत्या. मी त्यांना लाल रंगाचा ठिपका लावला आणि म्हटलं, या मी स्वतः धुणार, कुणी हात लावायचा नाही. संशोधन करणाऱ्या माणसाला आपल्या वस्तूंबद्दल एक मिजास असते, ती माझ्यात भरपूर होती. मी त्या रात्रभर कडक साबणाच्या पाण्यात भिजत घालायचो, सकाळी ब्रशने घासायचो, आणि नळाला पाणी असेल तेवढ्यात एकदा, फार तर दोनदा खळखळून काढायचो. डाग गेला की झालं. अर्क नसलेल्या, तुलनेसाठीच्या नळ्या मात्र पाळद्यांनी धुतलेल्या असायच्या. त्या कधीच निवळायच्या नाहीत, आणि निवळू नयेतच, असं माझं शास्त्र सांगत होतं.

मग अठ्ठ्याण्णव सालचा विज्ञान दिन आला. सरांनी ठरवलं, कॉलेजच्या सभागृहात सगळ्यांसमोर प्रयोग मांडायचा. संस्थेचे विश्वस्त येणार होते आणि माझ्या संशोधनाला संस्थेने मदत द्यायची की नाही हे त्या दिवशी ठरणार होतं. टेबलावर साठ नळ्या हव्या होत्या. माझ्या चोवीस. उरलेल्या छत्तीस पाळद्यांच्या रॅकमधून घेतल्या. आदल्या दिवशी सगळ्यांत तोच अर्क, तेच औषध, तेच जंतू.

सकाळी सभागृहात कापड बाजूला केलं. लाल ठिपक्याच्या चोवीस नळ्या पाण्यासारख्या नितळ. शेजारच्या छत्तीस ताकासारख्या पांढऱ्या. विश्वस्तांपैकी एक गृहस्थ पुढे वाकले आणि म्हणाले, "हे अर्धं नासलंय वाटतं?"

सभागृहात तीनशे माणसं होती. पाळदे टेबलाच्या टोकाशी उभे होते. त्या दिवसासाठी त्यांनी इस्त्रीचा निळा कोट घातला होता आणि त्यावर फौजेतली दोन पदकं लावली होती. माझ्या हातात माईक होता. मी एक क्षणही विचार केला नाही. म्हणालो, "प्रयोग नासलेला नाही. या नळ्या नीट धुतलेल्या नाहीत."

पाळद्यांना वाटलं, मला थेंबाच्या परीक्षेची आठवण करून द्यावी. त्यांनी जादाची एक धुतलेली नळी उचलली, पाण्याने भरली, ओतली आणि उपडी करून उजेडात धरली. एक थेंब थांबला नाही. त्यांनी नळी माझ्याकडे वळवली. मी माझी लाल ठिपक्याची एक सुटी नळी घेतली आणि तसंच केलं. माझ्याही नळीत थेंब थांबला नाही. पाणी उलट जास्तच सफाईने सरकलं.

"बघा," मी माईकवर म्हणालो, "या परीक्षेत तर माझीही पास आहे. मग फरक कशाचा? हवालदार, सात पाणी सात पाणी म्हणता. हात थरथरायला लागलेत तुमचे. मोजतं कोण?"

सभागृह हसलं. पोरं तर टाळ्या वाजवून हसली. हात त्यांचे खरंच त्या वर्षी थोडे थरथरायला लागले होते. ते त्यांनी फक्त मला सांगितलं होतं.

पाळदे म्हणाले, "मी मोजतो साहेब." माईक माझ्याकडे होता, त्यामुळे ते पहिल्या दोन रांगांपलीकडे ऐकू गेलं नाही.

दुपारी ते लॅबमध्ये माझ्याकडे आले. कोट काढून ठेवला होता. म्हणाले, "साहेब, तुमच्या ठिपक्याच्या नळ्या एकदा मला द्या. एकदाच. मी धुतो, मग तुम्ही परत लावून बघा." एवढंच मागितलं. मी द्यायला हव्या होत्या. कुठलाही दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल की द्यायलाच हव्या होत्या. मी म्हणालो, "आता पुरे झालं हवालदार. आणखी घोटाळा नको." ते हात मागे बांधून थोडा वेळ उभे राहिले, मग गेले. मला आतून कुठेतरी भीती वाटली होती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. वाटली होती, असंच उत्तर येतं.

मदत मंजूर झाली. पाळद्यांची बदली जिमखान्याच्या कोठारात झाली. कॅरमचे स्ट्रायकर आणि क्रिकेटचे पॅड पोरांना द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे. सरांनी मला विचारलं होतं, "करू ना?" आणि मी म्हणालो होतो, "तुम्ही म्हणाल तसं." मी कधी जिमखान्यावरून गेलो तर ते उठून उभे राहायचे. मी दुसऱ्या रस्त्याने जायला लागलो.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकटाच लॅबमध्ये होतो. अर्क संपला होता. हातात ठिपक्याची एक धुतलेली नळी होती, तिच्यात थोडं पाणी घेतलं आणि काही कारण नसताना अंगठा लावून हलवली. वर फेस आला. बोटभर पांढरा फेस, आणि तो बसेना. मी दुसरी हलवली. तिसरी. चोवीसही हलवल्या.

आधी मला काही कळलंच नाही असं म्हणायला आवडलं असतं. पण लगेच कळलं. तेलकट आवरण साबणाने सुटतं, हे घरी भांडी घासणाऱ्या कुणालाही माहीत असतं. माझे जंतू द्राक्षाच्या बियांनी मरत नव्हते, माझ्या आळसाने मरत होते. आणि साबणाचा हात फिरलेल्या काचेवरून पाणी जास्तच सफाईने सरकतं, म्हणून थेंबाच्या परीक्षेत मी पास झालो होतो. मी त्या संध्याकाळी सिंकपाशी उभा राहून चोवीस नळ्या सात पाण्यांनी धुतल्या. आकडे तोंडाने म्हणालो नाही, म्हणायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी नवा अर्क काढून प्रयोग लावला. चोवीसच्या चोवीस नळ्या पांढऱ्या राहिल्या.

यानंतर मी काय करावं? सरांकडे जावं, खरं सांगावं, हवालदारांना परत लॅबमध्ये आणावं. मी सरांकडे गेलो आणि म्हणालो की अर्काचा परिणाम भरवशाचा दिसत नाही, विषय थोडा बदलू या. साबणासारखे पदार्थ हे बाहेरचं आवरण नेमकं कसं सैल करतात, त्याचाच अभ्यास करतो. सर म्हणाले, छान कल्पना आहे, सुचली कशी? मी म्हणालो, वाचताना सुचली. त्याच कामावर मला पुढे पीएच.डी. मिळाली. काम चांगलं झालं, परदेशातल्या लोकांनीही त्याचा उल्लेख केला. प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान आहे. त्यात सर आहेत, आईवडील आहेत, बायको आहे, टायपिंग करणारे गृहस्थसुद्धा आहेत.

पाळदे जिमखान्यातूनच निवृत्त झाले. त्यानंतर काही महिन्यांनी मी देवळाली कॅम्पला त्यांच्या घरी गेलो. एवढं तरी केलं. बाजाराच्या मागे दोन खोल्यांचं घर. तोफांचा सराव चालू होता, प्रत्येक बाराला फळीवरच्या स्टीलच्या थाळ्या किणकिणायच्या, ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. पाळदेवहिनी आत स्वयंपाकघरात होत्या. मी खाली बघत सगळं सांगितलं.

मी संपवल्यावर पाळदे म्हणाले, "फेस आला?"

"आला."

"लय?"

"बोटभर."

तेव्हा ते हसले. अगदी मनापासून, मिशीला हात लावून हसले. "मला वाटलंच व्हतं. पर नळी हातात नसताना कसं बोलणार?" मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी माझा दंड धरून मला परत बसवलं.

"माफी हितं नका मागू साहेब. हितं मला कुणी काय बोललं नव्हतं. चारचौघांत बोललात, चारचौघांत परत घ्या. फौजेत कायदा असतोय, ज्या परेडला सजा सुनावली, त्याच परेडला माफ करायचं. खोलीत बोलावून नाय."

"मग तुम्हीच सांगा ना सगळ्यांना," मी म्हणालो. हे वाक्य आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

"मी सांगून काय व्हतं? माझा नुसता शब्द हाय. फेस तुम्ही बघितलाय."

मी म्हणालो, पुढच्या विज्ञान दिनाला नक्की. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. पाळद्यांनी एकदम आवाज बदलला आणि मला विचारलं, "मंग काय म्हणतंय गंगापूर धरण? पाणी हाय का?" मला वाटलं, वहिनींसमोर माझी अब्रू राखतायत. मी धरणाबद्दल बोललो आणि चहा पिऊन निघालो.

पुढच्या विज्ञान दिनाला ते आले. निवृत्त सेवकांना निमंत्रण असायचंच. तोच निळा कोट, तीच दोन पदकं, तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची. माझं भाषण होतं. त्याच महिन्यात मी प्रबंध सादर केला होता. एवढं मार्गी लागू दे, असं म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षी पीएच.डी. मिळाली होती, पण व्यासपीठावर शेजारीच सर बसले होते, त्यांचा मान कसा घालवायचा? त्याच्या पुढच्या वर्षी सरांचा निरोपसमारंभ त्याच दिवशी. मग मी स्वतः विभागप्रमुख झालो. मग मी कारणं शोधणंही सोडून दिलं. पाळदे दरवर्षी यायचे. आभारप्रदर्शन संपेपर्यंत ताठ बसायचे, मग पुढे येऊन म्हणायचे, "भाषण चांगलं झालं साहेब. जय हिंद." त्यात टोमणा नव्हता. मी फार शोधला, कारण सापडला असता तर मला राग तरी आला असता. एका वर्षी त्यांच्या हाताला काठी दिसली. त्याच्या पुढच्या वर्षी काठी आणि खांद्याला धरून आणणारा शेजारी.

दोन हजार आठ साली खुर्ची रिकामी होती. मी कार्यक्रमाआधी ऑफिसात चौकशी केली. क्लार्क म्हणाला, "हवालदार? ते जानेवारीतच गेले की सर. कळवलं नव्हतं का कुणी?"

त्या दिवशी मी बोललो. लिहून आणलेलं भाषण खिशात ठेवलं आणि सगळं सांगितलं. नळ्या, साबण, लाल ठिपका, माईकवर म्हटलेलं वाक्य शब्दशः. मी थांबलो आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. नवे प्राचार्य माईकपाशी आले आणि म्हणाले की एका साध्या सेवकाचं ऋण इतक्या मोठ्या मनाने मान्य करणारे शिक्षक आज कुठे पाहायला मिळतात. पोरांनी माझ्याभोवती गर्दी केली. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आजूबाजूला बघितलं. सर पुण्याला मुलाकडे होते. त्या वेळचे सहकारी कुणी निवृत्त, कुणी दुसऱ्या गावी. हसणारी पोरं केव्हाच आपापल्या संसाराला लागली होती. जुन्यांपैकी फक्त ग्रंथपाल होते. त्यांना मी विचारलं, तुम्हाला आठवतंय ना ते? ते म्हणाले, "असं काही झालं होतं का? मला तर नाही आठवत. उगाच मनाला लावून घेता तुम्ही."

त्यानंतरच्या रविवारी मी देवळालीला गेलो. भिंतीवर पाळद्यांचा फोटो होता, कोटातलाच. वहिनींनी खुर्ची दिली आणि त्या समोर खाली बसल्या. थोडा वेळ आजारपणाचं बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजाच्या त्या दिवसाची लय वाट बघायचे ते. पंधरा दिवस आधी कोट काढून ठेवायला लावायचे. मी म्हणायचे, ज्या लोकांनी हसं केलं त्यांच्याकडं कशाला जाताय, वर्साच्या वर्साला? तर गप बसायचे. येऊन काय झालं विचारलं तर म्हणायचे, साहेबांचं भाषण चांगलं झालं."

त्यांनी घरात सांगितलंच नव्हतं. मी जे कबूल केलं होतं ते त्यांनी स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. धरणाच्या पाण्याची चौकशी त्या दिवशी सुरू झाली ती त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवली होती. मी वहिनींना सगळं सांगितलं. टाळ्यांचंही सांगितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"म्हणजे त्यांनी धुतलेल्या नळ्या साफ व्हत्या?"

"हो वहिनी. एकदम साफ."

"ते मला ठावंच व्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठावं हाय, ते ठावं नव्हतं. कळून किती वर्सं झाली म्हणता?"

"नऊ."

त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.